लोणार बघायला किती वेळ लागतो?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की घरोघरी सहलीचे बेत शिजू लागतात. त्यातला एक बेत ठरलेला असतो : पहिल्या दिवशी वेरूळ, दुसऱ्या दिवशी अजिंठा, तिसऱ्या दिवशी सकाळी निघून वाटेत लोणार आणि रात्री मुक्कामाला शेगाव. या बेतात लोणारच्या वाट्याला येतो जेमतेम तासभर. गाडी काठावर थांबते, मंडळी कठड्याशी जातात, खाली झाडीच्या कड्यात एक मोठं गोल तळं दिसतं, फोटो निघतात. ‘इथे उल्का पडली होती’ असं कुणीतरी सांगतं. ‘मग ती कुठेय?’ असं घरातलं सगळ्यात लहान मूल विचारतं, त्यावर कुणापाशीच धड उत्तर नसतं आणि तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजतो. परत आल्यावर मुलांना आठवतं ते हॉटेलातलं जेवण आणि गाडीत झालेली भांडणं. यावरून आईबाबा निष्कर्ष काढतात की आजकालच्या मुलांना निसर्गात रसच नाही. या निष्कर्षाला काही आधार नाही. चूक असते ती आखणीत. अंतर, भाडं, खोल्या, जेवण यांचा हिशेब नीट मांडलेला असतो, पण तिथे पोचल्यावर मुलांनी नेमकं काय शोधायचं याचा विचार कुणी केलेला नसतो. किल्ल्यात बुरूज असतात, लेण्यात मूर्ती असतात, प्राणिसंग्रहालयात पाट्या असतात. कुठे बघायचं ते ठिकाणच सांगतं. निसर्गनवल मात्र गप्प बसतं. म्हणून मुलांना घेऊन अशा ठिकाणी जायचं तर खोल्या राखून ठेवण्याआधी एक प्रश्न ठरवावा आणि त्या प्रश्नाला लागेल तेवढा वेळ त्या जागेला द्यावा. बाकीची सगळी आखणी त्यातून आपोआप निघते.

लोणार बघायला किती वेळ लागतो, या प्रश्नाचं उत्तर भूविज्ञानाच्या इतिहासात शोधलं तर ते दीडशे वर्षं असं मिळतं. गावकऱ्यांना आणि भाविकांना ही जागा शतकानुशतकं ठाऊक होती. ‘आईन-ए-अकबरी’त या परिसराची नोंद आहे आणि तीही काच आणि साबण करायला लागणारा माल इथे मिळतो अशी, म्हणजे अगदी व्यवहारी. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्यानं या विवराची दखल घेतली. त्यानंतर आलेल्या अभ्यासकांना हे ज्वालामुखीचं तोंड वाटलं किंवा खचलेली जमीन वाटली. त्यांचं तसं वाटणं साहजिकच होतं, कारण आजूबाजूला शेकडो किलोमीटर पसरलेला सगळा खडक लाव्हाचाच आहे. १८९६ साली जी. के. गिल्बर्ट या अमेरिकन भूवैज्ञानिकानं लोणार आणि ॲरिझोनातलं विवर यांच्यातलं साम्य हेरलं. गंमत अशी, की ॲरिझोनातलं विवर वाफेच्या स्फोटानं झालं असं त्या वेळी त्याचं स्वतःचं मत होतं. तुलना बरोबर होती, पण कारण चुकलेलं होतं. १९६०च्या दशकात उल्कापाताची शक्यता गंभीरपणे मांडली गेली, आणि १९७३ साली फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम् या अमेरिकी व भारतीय शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात तिचा पुरावा छापला. तळ्याच्या तळात खोल विंधन घेऊन काढलेल्या खडकांत त्यांना मॅस्केलिनाइट सापडलं होतं. खडकातलं एक नेहमीचं खनिज प्रचंड धक्क्यानं न वितळताच काचेसारखं होतं, त्याला हे नाव आहे. लाखो वातावरणांइतका दाब क्षणभरात आला तरच ते तयार होतं आणि ज्वालामुखी असा धक्का देऊ शकत नाही. ज्या जागेचं कोडं जाणकारांना दीडशे वर्षं सुटलं नाही, तिनं सात वर्षांच्या मुलाला कठड्यावरून दहा मिनिटांत थक्क करावं, ही अपेक्षाच भलती आहे.

अशी घाई फक्त मुलंच करतात असंही नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये प्रेक्षक एकेका जगप्रसिद्ध चित्रापुढे किती वेळ थांबतात, याची पाहणी २००१ साली प्रसिद्ध झाली. सरासरी भरली सुमारे २७ सेकंद. चित्रापुढे मुद्दाम तिकीट काढून आलेली मोठी माणसं जर अर्ध्या मिनिटात पुढे सरकत असतील, तर तळ्याकडे एकदा बघून मोबाइल मागणाऱ्या मुलाला दोष कसा द्यायचा? अमेरिकन अभ्यासक जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ साली कुतूहलाची जी उपपत्ती मांडली, ती इथे उपयोगी पडते. आपल्याला जे माहीत आहे आणि जे जाणून घ्यावंसं वाटतं, त्यांच्यामधली फट जाणवली की कुतूहल जागं होतं, असं ती सांगते. म्हणजे काहीच माहीत नसेल तर फट दिसत नाही आणि सगळं आधीच कळलं असेल तर ती उरत नाही. सहलीपूर्वी मुलांना थोडंसंच सांगायचं, पण असं सांगायचं की पुढचं कळल्याशिवाय चैन पडू नये. त्या लहानग्याचा ‘मग उल्का कुठेय?’ हा प्रश्न यासाठी अव्वल आहे. दगड इतक्या वेगानं आला की आदळताच त्याचा बहुतेक भाग फुटून, वितळून, वाफ होऊन गेला, हे त्याचं उत्तर. पण ते घरीच देऊन टाकलं तर प्रवासाचं निम्मं कारणच संपतं. त्याऐवजी, दगड उरलेला नसताना तो पडला होता हे कशावरून ओळखायचं, असा प्रश्न गाडीत घ्यावा. मग मुलं पर्यटक राहत नाहीत, तपासाला निघतात.

तपासाची पहिली खूण लोणारच्या कितीतरी आधी, वाटेतच दिसते. मुंबईहून येणाऱ्यांना कसाऱ्याच्या आसपास आणि संभाजीनगरकडून येणाऱ्यांना त्यांच्या वाटेवर डोंगरांच्या अंगावर आडव्या पायऱ्या दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकावर एक पसरत गेले आणि थिजले. त्याचे हे थर आहेत आणि ते जवळपास सपाट आहेत. मुलांना एवढंच सांगावं की हे थर नीट बघून ठेवा, लोणारला पुन्हा बघायचे आहेत. विवराच्या भिंतीत याच बेसाल्टचे पाच-सहा थर उघडे पडलेले आहेत, आणि काठाजवळ ते सपाट नसून बाहेरच्या बाजूला कललेले आहेत. काही ठिकाणी तर ते उलटून पडलेत. आदळण्याच्या धक्क्यानं आतला खडक वर उचलला गेला आणि बाहेर फेकला गेला. काठ आजूबाजूच्या शेतांपेक्षा वीसेक मीटर उंच आहे तो यामुळेच. आठ-दहा वर्षांचं मूल आडव्या हाताचा तळवा डोळ्यांसमोर धरून थरांचा कल स्वतः ताडून बघू शकतं. नुसती जमीन खचली असती तर काठ असा उंच का झाला असता, एवढा एक प्रश्न टाकला की मुलं आपल्या आपण वाद घालू लागतात. विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे, म्हणजे काठानं पूर्ण फेरी मारली तर सहा किलोमीटरच्या आसपास चाल पडते. खोली १३७ मीटर, म्हणजे पंचेचाळीस मजली इमारत उभी केली तर तिची गच्ची जवळपास काठाला लागेल. पाटीवरचे आकडे मुलं वाचून सोडून देतात, पण फेरी मारायला किती पावलं लागतील याचा अंदाज त्यांनी स्वतः बांधला तर तो आकडा त्यांचा होतो. एक गैरसमजही इथेच दूर करावा. बेसाल्टमधलं हे जगातलं एकमेव आघात-विवर आहे असं सर्रास सांगितलं जातं. ब्राझीलमध्ये वार्जेआव आणि विस्टा अलेग्री ही विवरंही बेसाल्टमध्येच झालेली आहेत. लोणारचं मोल त्यानं उणावत नाही. बेसाल्टमध्ये इतकं रेखीव टिकलेलं विवर मिळणं विरळाच, आणि चंद्राचा काही आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभाग याच जातीच्या खडकाचा असल्यामुळे तिथली विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ लोणारला येतात.

दुसरी खूण पाण्यात आहे, आणि ती तपासायला लागणारं साहित्य प्रत्येक मराठी स्वयंपाकघरात आहे. कपड्यावर पडलेल्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो, हे घरोघरी माहीत आहे. हळदीला अल्कधर्मी पदार्थ लागला की ती रंग बदलते. निघण्याच्या आदल्या दिवशी मुलांनी टिपकागदाच्या किंवा साध्या जाड कागदाच्या पट्ट्या हळदीच्या दाट पाण्यात बुडवून सावलीत वाळवाव्यात. लोणारच्या काठावर धार नावाचा गोड्या पाण्याचा झरा आहे. गोमुखातून पडणारं त्याचं पाणी बारा महिने आटत नाही. एक पट्टी तिथे भिजवावी, ती पिवळीच राहते. दुसरी पट्टी खाली उतरून तळ्याच्या पाण्यात टेकवावी, ती बघता बघता तांबडी होते. धारेचं पाणी याच विवरात उतरतं, मग खाली पोचेपर्यंत ते असं का बदलतं? झरे आणि पाऊस विवरात पाणी आणतात, पण त्याला बाहेर जायला वाट नाही. उन्हानं पाणी उडून जातं आणि त्यातले क्षार मागे राहतात. हजारो वर्षं हे चाललेलं असल्यानं तळ्यात सोडा आणि मीठ साठत गेलं. काच आणि साबणासाठी लागणारा माल म्हणजे हाच सोडा. काठाच्या चिखलाला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, त्यावरही मुलं नाकं मुरडून प्रश्न विचारणारच. प्राणवायू नसलेल्या त्या गाळात राहणारे जीवाणू अशा वासाचा वायू सोडतात. ज्या वासानं सहल बिघडली असती, तोच मग पुराव्यात जमा होतो. पट्ट्या मात्र वापरून झाल्या की पिशवीत घालून परत न्याव्यात.

तिसरी खूण काळाची, आणि थोड्या मोठ्या मुलांसाठी ती सगळ्यात मोलाची. लोणारचं वय किती, याला शाळेच्या पुस्तकात आणि पाट्यांवर बहुधा सुमारे ५०,००० वर्षं असं उत्तर असतं. हा आकडा १९९०च्या दशकात तप्तदीप्ती या पद्धतीनं काढला गेला. खनिजात काळाच्या ओघात साठलेली ऊर्जा तापवल्यावर प्रकाशाच्या रूपानं बाहेर पडते, तिच्यावरून ही पद्धत वय सांगते, आणि तिनं सांगितलं ५२,००० वर्षं. पुढे आघाताच्या वेळी वितळलेल्या काचेतल्या आर्गॉन वायूचं मोजमाप झालं आणि २०११च्या सुमारास उत्तर आलं ५ लाख ७० हजार वर्षं. दोन्ही आकड्यांत दहापटींहून जास्त फरक आहे. विज्ञान म्हणजे पुस्तकातली उत्तरं, असं ज्या मुलाला वाटत असतं त्याला इथे दिसतं की उत्तर बदलू शकतं आणि का बदललं हे विचारायचं असतं. याला जोडूनच २०२० सालचा जून महिना सांगावा. तेव्हा तळ्याचं पाणी अचानक गुलाबी झालं आणि देशभर तर्कवितर्कांना ऊत आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले. तळ्यातलं पाणी घटून क्षार वाढले होते आणि त्यात वाढलेल्या हॅलोआर्किया या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यानं पाणी गुलाबी दिसत होतं. पुढे तो रंग गेला. आपण जाऊ तेव्हा पाणी हिरवट असेल की आणखी कसं, हे कुणीच सांगू शकत नाही. म्हणून गुलाबी तळ्याचे फोटो दाखवून मुलांना नेऊ नये. तिथे पोचल्यावर त्यांची निराशा होते आणि समोर असलेलं तळंही मग नजरेत भरत नाही.

आता या प्रश्नांवरून सहलीची आखणी कशी होते ते पाहू. तपासाला खाली उतरावं लागतं, तेव्हा ऋतूचा निर्णय आपोआप होतो. विदर्भातल्या मे महिन्यात विवराच्या भट्टीत मुलांना उतरवणं धोक्याचं आहे आणि भर पावसात उतरणीची वाट निसरडी असते. दिवाळीची सुट्टी ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. नवरात्रात तळ्याकाठच्या कमळजा देवीची यात्रा भरते, त्या गर्दीत लहान मुलांना घेऊन उतरणं सोयीचं नाही. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्यावर मुंबईकरांना मेहकरपर्यंतचा रस्ता सरळ झाला आहे आणि तिथून लोणार पंचवीसेक किलोमीटर. पण या महामार्गावर खाण्यापिण्याच्या जागा दूरदूर आहेत, म्हणून डबा, पाणी आणि लहानांसाठीच्या थांब्यांचा हिशेब घरूनच करावा. रेल्वेनं जायचं तर जालन्याला उतरून पुढचा रस्ता धरावा. मुक्काम लोणारमध्येच असावा, एमटीडीसीचं निवासस्थान विवराजवळच आहे. पहिल्या संध्याकाळी फक्त काठावर जावं, बघावं, अंदाज बांधावेत, उत्तरं देऊ नयेत. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून ऊन चढायच्या आत उतरावं. मुलांच्या चालीनं उतरणं, थांबणं आणि चढणं धरून सबंध सकाळ मोकळी ठेवावी. खाली दुकान नाही, त्यामुळे प्रत्येकाच्या पाठीवर त्याचं त्याचं पाणी हवं. पाण्याची पातळी वर्षागणिक कमीजास्त होते आणि मंदिरांपर्यंतच्या वाटा त्यावर अवलंबून असतात, म्हणून कुठली वाट खुली आहे हे आदल्या दिवशीच वनखात्याच्या माणसांना विचारून घ्यावं. दुपार झोपेची. संध्याकाळी धार आणि गावातलं दैत्यसूदन मंदिर. तिसरी सकाळ मुलांच्या मर्जीची : पुन्हा खाली जायचं, की जवळच्या अंबर तळ्यावर, ज्याला लहान लोणार म्हणतात, की पाखरं बघत काठानं हिंडायचं, ते त्यांनी ठरवावं. परतीच्या वाटेत सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान पाहता येतं, त्यापलीकडे काही जोडू नये.

यावर पहिला आक्षेप येणार तो असा, की सुट्टीत तरी मुलांना शाळा नको. आक्षेप रास्त आहे आणि त्याच्या बाजूनं पुरावाही आहे. एलिझाबेथ बोनाविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली लहान मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनेक करामती असलेलं एक खेळणं मुलांना दिलं. काही मुलांना मोठ्यांनी त्यातली एक करामत शिकवल्यासारखी करून दाखवली, काहींना तसं काही न दाखवता खेळणं हाती दिलं. ज्यांना शिकवलं ती मुलं तीच करामत करत राहिली आणि लवकर कंटाळली. बाकीच्यांनी खेळण्यातल्या आणखी करामती शोधून काढल्या. काठावर उभं राहून वीस मिनिटं माहितीचा धबधबा सोडणाऱ्या बापाला हा प्रयोग चांगलीच चपराक देतो. पण इथे मांडलेला बेत शिकवण्याचा नाहीच. पट्टी कुठे भिजवायची हे मुलांनी ठरवायचं, थरांचा कल त्यांनी ताडायचा, आणि चुकीचं उत्तर आलं तर लगेच दुरुस्त करायचं नाही. गिल्बर्टसारखा माणूस जिथे चुकला तिथे चौथीतलं मूल चुकलं तर काय बिघडलं? याउलट ज्यांना वाटतं की निसर्गापुढे प्रश्नच विचारू नयेत, नुसतं भारावून जावं, त्यांनी असा विचार करावा की धबधबा, समुद्र, हिमशिखर यांच्यापुढे भारावायला काही सांगावं लागत नाही हे खरं, पण लोणारचा भव्यपणा काळात आणि कारणात दडलेला आहे. तो कळल्यावरच माणूस भारावतो.

दुसरा आक्षेप पैशांचा आणि रजेचा. वर्षातून एकदा सगळ्यांची सुट्टी जुळते, पाचशे किलोमीटरचं पेट्रोल जळतं, मग एका खड्ड्यासाठी अडीच दिवस का घालवायचे, तेवढ्यात चार ठिकाणं होतात! हिशेब मांडला तर चित्र वेगळं दिसतं. ठिकाणं वाढली की खर्च वाढतो तो मुख्यतः गाडीचा, रोज नव्या खोलीचा आणि रस्त्यावरच्या जेवणांचा. एका जागी मुक्काम केला की यातलं बरंच वाचतं. रोजची बांधाबांध आणि खोली शोधण्याची दगदग टळते, ती मोजदाद कुणी करत नाही, पण मुलांची किरकिर आणि मोठ्यांची चिडचिड बहुतेक वेळा तिथेच उगवते. वेरूळ-अजिंठा सोडावं लागतं ही खंत राहील. पण लेणी ही स्वतंत्र सहलीच्या तोलाची जागा आहे. तीही घाईत उरकली तर दोन्हींचं नुकसान होतं. ज्यांना एवढ्या लांबचा खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी हाच बेत जवळ करता येतो. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल हा बेसाल्टच्या उभ्या खांबांचा कडा इमारतींच्या गर्दीत उभा आहे. लाव्हा आडवा पसरतो तर हे खांब उभे का, असा प्रश्न घेऊन लोकलनं जाता येतं. पुणे आणि अहिल्यानगरच्या कुटुंबांना निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे एका दिवसात बघून येता येतात. कठीण खडकाला इतके गुळगुळीत खड्डे कुणी पाडले, हा तिथला प्रश्न, आणि भोवऱ्यात फिरणारे दगडगोटे बहुतेक वेळा त्या खळग्यांच्या तळाशीच पडलेले असतात. मात्र पात्रात उतरण्याआधी पाण्याचा जोर बघावा, पावसाळ्यात तिथे मुलांना नेऊ नये.

तिसरा आक्षेप घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बाजूनं येईल. आजी-आजोबांचे गुडघे दुखतात, धाकटं दोन वर्षांचं आहे, त्यांनी काय करायचं? सगळ्यांनी सगळं एकत्रच करायचं, हा कुटुंबाच्या सहलीतला सर्वांत मोठा जाच आहे. आई मोठ्या दोघांना घेऊन खाली जाते, बाबा धाकट्याला घेऊन आजी-आजोबांबरोबर धारेवर आणि दैत्यसूदन मंदिरात जातात, दुसऱ्या दिवशी उलट. दोन मुक्कामांचा बेत असेल तरच हे शक्य होतं, तासाभराच्या थांब्यात नाही. मंदिरातला आजोबांचा भागही तपासाबाहेरचा नाही. लवणासुर नावाचा दैत्य इथे जमिनीखाली दडून बसला होता आणि विष्णूनं त्याला बाहेर काढून मारलं, अशी इथली कथा आहे. ती सांगताना ‘हे खोटं, उल्का खरी’ असा खुलासा जोडण्याची गरज नाही. एवढा मोठा गोल खड्डा आणि त्यात खारं पाणी, याचा उलगडा झालाच पाहिजे असं पूर्वीच्या लोकांनाही वाटलं होतं, हे त्या कथेतून दिसतं. मुलं दोन्ही उलगडे शेजारी ठेवून स्वतः तोलू शकतात. त्यांना तेवढी अक्कल असते.

एक आक्षेप लोणारच्या वतीनंही घ्यायला हवा. इतक्या कुटुंबांनी इतका वेळ तिथे काढला तर त्या जागेचं काय होईल? हे अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर यादीतली पाणथळ जागा आहे. अभयारण्याचं क्षेत्र चार चौरस किलोमीटरही नाही. उतारावर सागाचं रान आहे, तळ्याकाठी बाभळी आहेत, मोर, वानरं, घोरपडी आहेत. मुलं दगड उचलणार, हे गृहीत धरूनच निघावं. तिथला एखादा काचेचा मणी शास्त्रज्ञाच्या दृष्टीनं पुराव्याचा तुकडा असतो आणि आपल्या घरी तो शोकेसमध्ये धूळ खात पडतो. दगडाचं चित्र वहीत काढायचं आणि दगड होता तिथे ठेवायचा, हा नियम घरीच ठरवून घ्यावा. कारण माहीत असलं तर मुलं असा नियम मोठ्यांपेक्षा जास्त काटेकोरपणे पाळतात. ओरखडे, वेफर्सची पाकिटं आणि भिंतींवरची नावं यांचा उगम बहुधा ‘आता इथे करायचं काय’ या कंटाळ्यातून होतो. ज्याला काय बघायचं हे ठाऊक आहे, त्याला नाव कोरायला सवड नसते. थांबायचा वेळ वाढला म्हणजे नासधूस वाढते असं नाही. निरुद्देश गर्दी वाढली की ती वाढते.

तेव्हा पुढच्या सुट्टीचा बेत करताना नकाशा उघडण्याआधी मुलांना विचारावं की या जागेबद्दल तुम्हाला काय जाणून घ्यायचंय. उत्तर मिळायला चार-आठ दिवस लागतील, मधे एखादं चित्र दाखवावं लागेल, एखादी अर्धवट गोष्ट सांगावी लागेल. एकही प्रश्न आला नाही तर जागा बदलावी. त्यात मुलांचं काही उणं नाही आणि त्या जागेचंही नाही, इतकंच की दोघांची वेळ अजून जुळलेली नाही. प्रश्न आला तर त्याला किती सकाळी लागतील ते मोजावं, तेवढे मुक्काम धरावेत आणि यादीतली बाकीची नावं खुशाल खोडावीत. खोडलेली ठिकाणं कुठेही जात नाहीत. लोणार निदान ५२ हजार वर्षं आणि कदाचित पावणेसहा लाख वर्षं जागेवर आहे. मुलांचं आठ-दहा वर्षांचं वय मात्र तीन-चार सुट्ट्यांत संपतं.